आडवी अंडी, उभी अंडी

अंडं चांगलं की वाईट हे मला नुसतं हातात घेतलं तरी कळतं. ही बढाई नव्हे. आमच्या मिनेसोटात बढाई मारणाऱ्याला लोक आजारी समजतात आणि त्याच्या बायकोकडे डबा पाठवतात. पण जे खरं आहे ते कुणीतरी बोललंच पाहिजे, आणि माझ्याबद्दल दुसरं कुणी बोलत नाही, म्हणून नाइलाजाने मला बोलावं लागतं.

मी विम्याच्या कंपनीत नुकसानीची पाहणी करतो. गारांनी छप्पर फुटलं, तळघरात पाणी शिरलं, हरिण गाडीवर येऊन आदळलं, की वर्लिन टोस्ट्रुडला बोलावतात. मी जातो, वाकून बघतो, हनुवटी खाजवतो आणि निकाल देतो. माझा निकाल कुणाला आवडत नाही, पण तो फिरवलेला कुणी पाहिला नाही. त्यामुळे आमच्या परसात सहा कोंबड्या आल्या तेव्हा अंडी पारखायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. कोंबड्यांचं खुराडं साफ करायचं काम आपोआप माझ्या बायकोकडे, मार्लिसकडे गेलं. ज्याचं त्याचं अंग असतं.

तर गोष्ट ईस्टरच्या न्याहारीची. त्या दिवशी सकाळी सगळं गाव आमच्या चर्चच्या तळघरात जेवायला उतरतं आणि तिथे सगळ्यात आधी संपतात ती भरली अंडी. अंडं उकडायचं, उभं कापायचं, पिवळं काढून मोहरी-मेयोनेझमध्ये मळायचं आणि परत जागेवर भरायचं. या पदार्थाच्या खऱ्या इंग्रजी नावात 'डेव्हिल', म्हणजे सैतान आहे, म्हणून चर्चमध्ये ते नाव घेत नाहीत. खाताना मात्र कुणी मागेपुढे बघत नाही.

चाळीस वर्षं ही अंडी माझ्या सासूबाईंनी, व्हर्नांनी केली. दोनशे चाळीस अर्धुकं, एकही तिरकं नाही. या वर्षी त्यांचे हात थरथरायला लागले आणि त्यांनी एका रविवारी कॉफीच्या वेळी जाहीर केलं, "आता मार्लिस करील." एवढंच. मार्लिसने ग्रंथालयात तीस वर्षं काढली, गावातल्या तीन पिढ्यांना वाचायला लावलं, पण चर्चच्या स्वयंपाकघरात ती अजून "व्हर्नाची पोर" होती. ती अठ्ठावन्न वर्षांची पोर त्या क्षणी लाल झाली. मला दिसलं, तिला हे किती हवं होतं ते.

स्वयंपाक समितीच्या प्रमुख आर्डिस हौगेन. वय ऐंशीच्या पुढे, आवाज चाळिशीचा. त्या म्हणाल्या, "हो, करील की. पण पहिलंच वर्ष आहे, तर समितीतल्या ग्लेनिसला सांगून ठेवू का? आपलं अडीअडचणीला." आमच्याकडे अडीअडचणीला सांगून ठेवणं म्हणजे काय, ते सगळ्यांना कळतं. पुढच्या वर्षी अडचण नसली तरी ग्लेनिसच. मार्लिसचा चेहरा उतरला. मग माझ्यातला नवरा जागा झाला. हा नवरा वर्षातून एकदाच जागा होतो, आणि नेमका नको तेव्हा.

"ग्लेनिसची गरज नाही," मी उभा राहून म्हणालो. "मार्लिसची अंडी आमच्या स्वतःच्या कोंबड्यांची असतील. ताजी! दुकानातली शिळी अंडी खाऊन ईस्टर साजरा करायचे दिवस गेले."

 आर्डिसबाईंनी कप खाली ठेवला. "हे वेगळंच आहे हं," त्या म्हणाल्या. जे इथे वाढले आहेत त्यांना ठाऊक आहे, की आमच्याकडे "वेगळंच आहे" याहून वाईट शिवी नाही. सासूबाई फक्त "हं" म्हणाल्या आणि कॉफीत बघत राहिल्या.

घरी येताना गाडीत मार्लिस म्हणाली, "तुला कुणी बोलायला सांगितलं होतं?"

"मी तुझी बाजू घेतली."

"माझ्या बाजूला मी होते ना!"

सहा कोंबड्या रोज पाचएक अंडी देतात. दहा डझन जमायला महिना लागणार होता, आणि ईस्टरला त्याहून थोडे जास्तच दिवस होते. म्हणजे प्रश्न फक्त साठवणीचा. मी वाचलं होतं, की न धुतलेल्या अंड्यावर निसर्गाने दिलेला एक पातळ लेप असतो, आणि तो शाबूत असेल तर अंडं फ्रिजबाहेरही बरेच दिवस टिकतं. म्हणून मी ती न धुता, टोकाची बाजू खाली करून, स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडायला लागलो. मार्लिस त्यांच्याकडे बघायची आणि मग माझ्याकडे बघायची. दोन्हीकडे एकाच नजरेने.

शेजारचा ड्वेन कुंपणावर हात टेकून म्हणाला, "आमचे आजोबा अंड्यांना तेल चोळायचे. वर्षभर टिकायची."

"आणि चव?"

"चवीचं कुणी काही बोललं नाही. आजोबा तापट होते."

समोरची इलेन म्हणाली चुन्याच्या पाण्यात बुडवून ठेव. तिच्या नवऱ्याने सांगितलं, लाकडाच्या भुशात. पोस्टमनने काही विचारलं नसताना सांगितलं, की तो स्वतः अंडी खात नाही. अंडी माझी, कोंबड्या माझ्या, पण मत मात्र साऱ्या आळीचं. मी सगळ्यांचं हसत ऐकून घेतलं, कारण तज्ज्ञाने नम्र असावं.

मग आर्डिसबाईंचा फोन आला. घरची अंडी चर्चमध्ये चालतात का, हे आधी आरोग्य खात्याला विचारून घे. मी फोन केला. तिथल्या बाईंनी विचारलं, "अंडी विकणार की फुकट देणार?" मी म्हटलं, फुकट, पण दाराशी दानाची टोपली असते. "मग ती विक्री झाली का?" हे मीच त्यांना विचारत होतो, असं मी म्हणालो. त्यांनी मला दुसऱ्या खात्याकडे पाठवलं. तिथल्या गृहस्थाने विचारलं, कोंबड्या चर्चच्या सभासद आहेत का; म्हणजे चर्चच्या मालकीच्या. तिसऱ्याने पहिल्या बाईंकडे परत पाठवलं, आणि त्या वैतागून म्हणाल्या, "धुवा आणि थंड ठेवा, संपलं!" वीस वर्षं मी लोकांना फोनवर असंच फिरवत आलो आहे, पण आपल्यावर आल्याशिवाय त्यातली कला कळत नाही.

म्हणून मी सगळी अंडी धुतली. धुतलं की लेप गेला, लेप गेला की फ्रिज हवाच. घरातल्या फ्रिजमध्ये मार्लिसने जागा दिली नाही. पण गराजमध्ये आमचा जुना फ्रिज होता, जसा इथे प्रत्येकाच्या गराजमध्ये असतो. त्यात बिअर आणि हरणाचं मांस सोडून काही नव्हतं. मी बिअर बाहेर काढली, अंडी आत रचली आणि दार लावताना स्वतःच्याच पाठीवर थाप मारावीशी वाटली.

मार्चअखेर थंडीची लाट आली. उणे बावीस. आठवडाभर गराजचं दार उघडणंही जिवावर यायचं. आता, फ्रिजचं काम आतली वस्तू बाहेरच्यापेक्षा थंड ठेवणं. बाहेरच उणे बावीस असेल तर फ्रिजला वाटतं आपलं काम झालं, आणि तो स्वस्थ बसतो. मी दार उघडलं तेव्हा सात डझन अंडी गोठून, फुगून, उभी चिरली होती. प्रत्येक कवचातून पांढरं बाहेर आलेलं. पाहणी करणारा म्हणून मला एका नजरेत निकाल द्यावा लागला: संपूर्ण नुकसान, आणि दोष मालकाचा.

मार्लिस दारात उभी होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "ईस्टर दहा दिवसांवर आहे, वर्लिन."

"सगळी नवी जमवीन. आणि ही त्याहून ताजी असतील!"

आता मी पेटलो होतो. गावाबाहेर कोंबड्या पाळणारे दोघे ओळखीचे होते, त्यांच्याकडून रोजची अंडी घ्यायला लागलो. आणि एकही शिळं अंडं शिरू नये म्हणून परीक्षा सुरू केली. खोल वाडग्यात गार पाणी घ्यायचं, अंडं सोडायचं. ताजं असेल तर तळाशी आडवं पडतं. जुनं असेल तर तळावरच उभं राहतं, कारण आतली हवा वाढलेली असते. वर तरंगलं तर ते खाऊ नये आणि पाहुण्यांनाही देऊ नये. मला या परीक्षेचं वेडच लागलं. ड्वेनच्या घरची अंडी तपासली, इलेनची तपासली, दोघांच्याही संसारात भांडणं लावली. लोक मला रस्त्यात थांबवून अंड्यांबद्दल विचारू लागले. निदान ड्वेनने दोनदा विचारलं.

ईस्टरच्या आदल्या रविवारी मी मोठं पातेलं आणायला चर्चच्या स्वयंपाकघरात गेलो. तिथल्या फ्रिजमध्ये दुकानातली दहा डझन अंडी! आर्डिसबाईंनी ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासाच्या पहिल्याच आठवड्यात आणून ठेवलेली. अडीअडचणीला. समितीच्या बायका भांडी पुसत होत्या.  मी सिंकमध्ये पाणी सोडलं आणि एकेक अंडं त्यात ठेवलं. सगळी उभी राहिली, जणू चर्चमध्ये प्रार्थना सुरू झाली आहे.

"ही उभी आहेत, आर्डिसबाई," मी शांतपणे म्हणालो. "विषारी नाहीत. पण ईस्टरच्या ताटात शोभायची नाहीत. फार तर केकमध्ये घाला."

"बरं," आर्डिसबाई म्हणाल्या. "वाया घालवायला नकोत. बायकांनो, घरी न्या वाटून."

मी पातेलं घेऊन राजासारखा बाहेर पडलो.

शनिवारी दुपारी आमच्या स्वयंपाकघरात दहा डझन अंडी उकडून गार पाण्यात पडली होती. सगळी त्याच आठवड्यातली, सगळी आडवी पडणारी. सासूबाई खिडकीशी कॉफी घेऊन बसल्या होत्या. मार्लिसने आईचा एप्रन बांधला होता. तिने पहिलं अंडं ओट्यावर आपटलं आणि कवच ओढलं. कवचाबरोबर अर्धं पांढरं निघून आलं.

"हे एखादं असेल," मी म्हणालो.

दुसरंही तसंच. तिसऱ्याचं पिवळंच उघडं पडलं. मी सोललेलं तर अंडं होतं की उंदराने कुरतडलेला बटाटा, ते ओळखू येईना. ड्वेन आला आणि म्हणाला व्हिनेगर घाल. इलेनने फोनवर सोडा सांगितला, तिच्या नवऱ्याने चमचा. बर्फ झाला, नळाखाली धरून झालं, कवचाला भोक पाडून फुंकर मारून झाली. त्यात ड्वेनच्या डोळ्यात अंडं गेलं. मोठ्या परातीत पांढऱ्या चिंध्यांचा ढीग वाढत गेला.

मार्लिसने एप्रनला हात पुसले. "आईने चाळीस वर्षं केलं," ती म्हणाली. "मला एकदाच करायचं होतं, वर्लिन. फक्त एकदा नीट." तिचे डोळे भरले होते. छप्पर उडालेल्या घरासमोर उभ्या असलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना मी सही कुठे करायची ते दाखवतो. इथे मला काही दाखवता येईना. 

"माझी नेहमी शिळी असायची," खिडकीतून आवाज आला.

आम्ही वळलो. सासूबाई कॉफी ढवळत होत्या. "ताजं अंडं सोललं जात नाही. पांढरं कवचाला धरून बसतं. मी उपवास लागला की अंडी आणायची आणि ईस्टरपर्यंत फ्रिजमध्ये मागे ढकलून ठेवायची."

"आई!" मार्लिस किंचाळली. "मग सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही. वर्लिन बोलत होता."

पाहणी करणारा स्वतःचा निकाल फिरवत नाही, हे मी वर सांगितलंच आहे. मी माझा वाडगा उचलला, कामाची बॅटरी खिशात टाकली आणि नाक मुठीत धरून आर्डिसबाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"आर्डिसबाई, ती चर्चमधली अंडी..."

"कुठली रे? केकच्या लायकीची?"

"तीच."

त्यांनी दार पूर्ण उघडलं. "आत ये. कॉफी घेतोस?"

"हो," मी म्हणालो.

आर्डिसबाई दचकल्या. आमच्याकडे कॉफीला आधी नको म्हणायचं, मग कशाला उगाच म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर अर्धा कप घ्यायचा. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा माणूस त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. "म्हणजे फारच वाईट झालेलं दिसतंय," त्या म्हणाल्या आणि किटली न लावताच कोट चढवायला लागल्या. त्यांच्या फ्रिजमधली चार डझन माझ्या हातात दिली. "उरलेली पास्टरांकडे आणि ग्लेनिसकडे आहेत. चल, मी येते. व्हर्नाची पोर आहे ती. तुझ्यासाठी येत नाहीये."

पास्टरबाईंनी चर्चची अंडी घरच्या अंड्यांत मिसळून टाकली होती. आता माझ्या विद्येला काम मिळालं. मी त्यांच्या ओट्यावर वाडगा मांडला. आडवं पडलं की बाजूला, उभं राहिलं की माझ्याकडे.

"अहो, तुम्ही चांगली बाजूला टाकताय!" पास्टरबाई म्हणाल्या.

"मला चांगली नकोत, बाई. मला मुरलेली हवीत."

एक अंडं वर तरंगलं.  पास्टरांच्या घरी असं होणं बरं दिसत नाही. मी ते बॅटरीसमोर धरलं. आतली हवा जवळजवळ अर्ध्यापर्यंत आली होती. "दोष दुकानदाराचा," मी गंभीरपणे म्हणालो, आणि कागदात गुंडाळून, कचऱ्याच्या डब्यात खोल दाबलं. पास्टरबाईंनी माझ्याकडे जी कृतज्ञ नजर टाकली ती मी विसरणार नाही. पारखणं एकवेळ कुणालाही जमेल. निकाल सांगायचा कसा, ती खरी विद्या.

ग्लेनिसने दारातच हात वर केले. "सगळी उकडून रंगवली रे! नातवंडं आली आहेत." टेबलावर निळी, गुलाबी, हिरवी अंडी मांडलेली.

"फ्रिजमध्ये होती ना?"

"आत्ता काढली, तुमची गाडी दिसली म्हणून. म्हटलं, दाखवावीत."

मी एक निळं अंडं उचललं, टेबलावर टिचकावलं आणि ओढलं. कवच अख्खं निघून आलं, पायातून मोजा निघावा तसं. आत गुळगुळीत, आणि किंचित निळसर पांढरं. मी ग्लेनिसकडे बघितलं. ती म्हणाली, "मला सांगून ठेवलं होतं, अडीअडचणीला. ही अडचणच आहे ना? घेऊन जा." त्या बाईबद्दल मी जे जे मनात म्हणालो होतो ते सगळं मनातच परत घेतलं. नातवंडांची समजूत मी माझी फुटकी अंडी पावावर लावून देऊन काढली. बाकीची आम्ही पुढे आठवडाभर खात होतो.

त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात कवचं पडण्याचा आवाज पाऊस लागल्यासारखा येत होता. मार्लिस सोलत होती, आर्डिसबाई कापत होत्या, मी सासूबाईंच्या सूचनेवरून गप्प होतो. काही अर्धुकं फिकट निळी निघाली, काही गुलाबी. मार्लिसने ती ताटात मुद्दाम मधेमधे लावली आणि मागे सरून बघितलं. मग ती हसली. आठवड्याभरात पहिल्यांदा.

ईस्टरच्या सकाळी तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांनी रंगीत अंडी आधी उचलली. दोनशे चाळीस अर्धुकं बघता बघता गेली आणि शेवटच्या ताटात एकच उरलं, निळसर. आता शेवटचा घास आमच्याकडे कुणी घेत नाही. तो घेणं म्हणजे आपण भुकेले आहोत, हावरट आहोत, आणि बाकीच्यांना विसरलो, असं सगळं एकदम कबूल करणं. एकाने त्याचं अर्धं कापून नेलं. दुसऱ्याने त्या अर्ध्याचं अर्धं. उरलेला पाव तुकडा ताटात तसाच, दहा माणसं त्याच्याकडे बघत नसल्यासारखी.

सासूबाई उठल्या. टेबलाला धरत धरत ताटापाशी गेल्या आणि कापऱ्या हाताने तो तुकडा उचलून तोंडात घातला.  व्हर्नासारख्या बाईने शेवटचा घास घेतला हे लोक पुढे वर्षभर सांगणार होते. त्यांनी सावकाश चावलं, रुमालाने बोटं पुसली आणि मुलीकडे बघितलं.

"पुढच्या वर्षी मोहरी थोडी कमी घाल," त्या म्हणाल्या.

आर्डिसबाईंनी मान हलवली. ग्लेनिसने टाळी वाजवली आणि मग लाजून हात टेबलाखाली घेतले.  मार्लिसने आईचा कापरा हात आपल्या हातात घेतला आणि तो बराच वेळ सोडला नाही.

माझी छाती इतकी भरून आली, की या प्रसंगी कुणीतरी दोन शब्द बोलले पाहिजेत असं मला तीव्रतेने वाटलं. मी खुर्ची मागे सरकवून उठलो. मार्लिसने न बघता माझ्या कोटाचं टोक धरलं आणि मला खाली ओढलं.

मी बसलो. पण ताठ बसलो.